शकुनाचे एकशे एक

आमच्या घरात कुठलाही डबा तळापर्यंत रिकामा करायचा नाही, असा आईचा नियम होता. तांदळाच्या डब्यात मूठभर तांदूळ राहायलाच हवेत, मिठाच्या बरणीत चिमूटभर मीठ, आणि पाकिटात, महिन्याची तीस तारीख असली तरी, एखादं नाणं. धारवाडात, केलगेरीकडच्या आमच्या गल्लीत सगळ्याच घरांत हे चालायचं, मराठी काय नि कन्नड काय. मी या प्रकाराची भरपूर टिंगल करायची आणि तो मुकाट्यानं पाळायचीही. दोन हजार एक साली, दसऱ्याच्या थोडं आधी, माझी हुबळीची नोकरी सुटली, तेव्हा बँकेतून शेवटचा पगार काढताना आईनं बजावलं होतं की सगळं काढू नको, शकुनाला काहीतरी ठेव. एटीएमच्या मशीनला शकुन कळत नाही, ते फक्त शंभराच्या नोटा देतं. म्हणून मी काउंटरच्या रांगेत उभी राहिले, स्लिप भरली आणि बरोबर एकशे एक रुपये मागं राहतील असे बाकीचे काढले.

इतका महागडा धार्मिक विधी मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

मी टायपिस्ट. अप्पा प्राथमिक शाळेत मास्तर होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते आजारी पडले आणि वर्षभरात गेले. गहाण ठेवण्यासारखं जे होतं ते त्यांच्या आजारपणातच गेलं. मागं राहिलो आई, मी आणि माझ्याहून बारा वर्षांनी लहान बहीण. मी टायपिंगची परीक्षा दिली आणि धारवाडात एका म्हाताऱ्या वकिलांकडे लागले. ते पगार पाकिटात घालून द्यायचे, कधी पाच तारखेला, कधी पंधराला. त्यांचे अशील बहुतेक कलघटगीकडचे, फी म्हणून शेंगा नाहीतर तांदूळ आणून टाकणारे, त्यामुळं माझ्या पगारातही कधीकधी शेंगा यायच्या. अठ्ठ्याण्णव साली हुबळीत एका ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत जागा निघाली. पगार सव्वीसशे, पीएफ कापणार, आणि पैसे थेट बँकेत. काचेची दारं, आत गारवा, पेन दोरीला बांधलेलं नाही. खातं कंपनीनंच उघडून दिलं. एक पैसा शिल्लक नसला तरी चालतं, असं तेव्हा सांगितलं होतं आणि ते खरं होतं. फक्त ते कंपनीच्या नोकरांसाठी खरं होतं.

कंपनी तीन वर्षांत गाशा गुंडाळून गेली. मी परत वकीलसाहेबांकडे आले, अठराशे रुपयांवर, पाकिटात. पीएफ काढायच्या फॉर्मवर जुन्या साहेबांची सही लागत होती. ते बेळगावला जाऊन बसले होते, आणि मी आज जाऊ, उद्या जाऊ करत दीड वर्ष काढलं. शेवटी एकदा जाऊन सही आणली. फॉर्मवर खात्याचा नंबर मागितला होता. माझं खातं तेवढं एकच, म्हणून तोच नंबर लिहिला. खात्यात एकशे एक रुपये आहेत, ते जिवंत आहे, याचा मला तेव्हा थोडा अभिमानही वाटला होता.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात बहिणीला हुबळीच्या एका नर्सिंग शाळेत जागा मिळाली. जागा म्हणजे वाट बघणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव वर सरकत सरकत आलं होतं. पहिला हप्ता साडेनऊ हजार, डिमांड ड्राफ्टनं, शनिवारी दुपारी एकच्या आत. नाही भरला तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. त्याच आठवड्यात पीएफ कार्यालयाचं पत्र आलं, अकरा हजार सहाशे चाळीस रुपये खात्यात जमा केल्याचं. मी ते पत्र आईच्या हातात दिलं आणि आईनं ते देवापुढं ठेवलं. त्या दिवशी आम्ही तिघी उगाचच एकमेकींशी फार गोड बोलत होतो.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा काढून बसनं हुबळीला गेले. ड्राफ्टचा फॉर्म भरून दिला. काउंटरवर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी होती. तिनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं, परत बघितलं, आणि म्हणाली, खात्यात सहा हजार चारशे एक्क्याण्णवच आहेत.

मी म्हटलं, नीट बघा. तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली. कंपनी बंद झाली तसं माझं खातं साधं खातं झालं होतं आणि साध्या खात्यात पाच हजार रुपये कायम असावे लागत. नसले तर तिमाहीला साडेसातशे रुपये दंड. पहिल्याच तिमाहीत त्यांनी माझे एकशे एक गिळले आणि खातं उणे साडेसहाशेच्या आसपास गेलं. मग दर तीन महिन्यांनी आणखी साडेसातशे, खाली, आणखी खाली. सात तिमाह्या. पाच हजार अडीचशे. पीएफ आला त्या दिवशी मशीननं आधी आपलं पोट भरलं आणि उरलेलं मला ठेवलं. मला एकही पत्र का आलं नाही म्हणून विचारलं, तर पत्रं गेली होती म्हणे, कंपनीच्या पत्त्यावर. ज्या कंपनीचं दार दोन वर्षं कुलूपबंद होतं तिथं हे लोक माझ्या दंडाची पत्रं इमानेइतबारे टाकत राहिले होते.

मी तिथं उभी राहू शकेना आणि बसू तर अजिबात शकेना. मॅनेजर कुठं आहेत विचारलं. ते बाहेर गेले होते. बुधवारी परत गेले, ते मीटिंगमध्ये होते. दारावरचा गार्ड मला ओळखायला लागला होता, मी येताना दिसले की आधीच हात हलवून सांगायचा, "नाळे बर्री, अक्का." उद्या या. उद्या म्हणजे गुरुवार, आणि शनिवार तिथून दोन पावलांवर. हुबळी-धारवाड रस्त्यावर त्या आठवड्यात मी इतक्या वेळा गेले-आले की कंडक्टर मला कुठं जायचं ते न विचारता नुसते सुटे मागायला लागला. जागा असली तरी मी उभीच राहायची. बसलं की डोक्यात आकडे फिरायला लागत. साडेनऊ हजार वजा सहा हजार चारशे एक्क्याण्णव, तीन हजार नऊ. उणकलचं तळं मागं गेलं की परत तेच, तीन हजार नऊ.

घरी मी काही सांगितलं नव्हतं. ड्राफ्टला दोन दिवस लागतात, अशी थाप मारली होती.

बुधवारी परत निघताना ती काउंटरवरची मुलगी माझ्यामागून जिन्यापर्यंत आली. कलघटगीची निघाली. इकडंतिकडं बघत कन्नडमध्ये हळूच म्हणाली, अक्का, तुम्ही ते शंभर-सव्वाशे ठेवायलाच नको होते. खात्यात शून्य असतं तर सहा महिन्यांनी आम्ही ते आपलं आपणच बंद करून टाकतो, दंड लागतच नाही. पैसे होते म्हणून मशीनला वाटलं खातं चालू आहे. मी तिला विचारलं, तुमच्या घरी तांदळाचा डबा पूर्ण रिकामा करतात का? ती गोंधळली, मग तिच्या लक्षात आलं, आणि ती इतकी ओशाळली की मलाच वाईट वाटलं. तिनं मला आपल्या जबाबदारीवर सांगितलं की उद्या अकराच्या आत या, साहेब असतात.

गुरुवारी साहेब होते. तिशीचे, बेंगळूरचे, इस्त्रीचा शर्ट. माणूस वाईट नव्हता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. वाईट असता तर भांडायला बरं पडलं असतं. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. बेंगळूरकडच्या कानाला आमची धारवाडी कन्नड साधं बोललं तरी भांडल्यासारखी वाटते, आणि मी तर खरंच भांडत होते. मी सांगितलं की खातं उघडताना ही अट नव्हती, बदलली तेव्हा मला कळवलं नाही, आणि पैसे नाहीत म्हणून नसलेले पैसे कापायचे, हा कुठला न्याय? तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला की पूर्ण रक्कम परत करायचा त्याला अधिकार नाही, अर्धी तो स्वतःच्या सहीनं देऊ शकतो. दोन हजार सहाशे पंचवीस. लगेच. फक्त एका कागदावर सही हवी.

कागद इंग्रजीत होता. दहा वर्षं वकिलाकडं नि कंपनीत टाइप करून माझी एक सवय झाली होती, कागद हातात आला की शेवटच्या ओळीपासून वर वाचायचा, कारण लोक नको ते तळाशी लिहितात. शेवटच्या ओळीत होतं, बँकेनं सदिच्छेपोटी दिलेल्या या सवलतीबद्दल मी आभारी आहे. त्याच्या वर होतं, ही चूक माझ्याकडून झाली आहे. आणि त्याच्या वर, किमान शिल्लक ठेवण्याची अट मला वेळेवर समजावून सांगण्यात आली होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, हे तीनही खोटं आहे. तो म्हणाला की हा छापील फॉर्म आहे, सगळेच करतात. मी म्हटलं, सगळे खोटं बोलतात म्हणून मीही बोलू? त्यानं हात पसरले. मी तो कागद फाडला, चार तुकडे केले, त्याच्या टेबलावर एकावर एक रचून ठेवले, आणि बाहेर आले. खरं सांगते, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. आठवडाभरात पहिल्यांदा माझे पाय जमिनीवर नीट पडत होते. हे बरं वाटणं बसस्टँडपर्यंत टिकलं.

शुक्रवारी सकाळी वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. ते चष्मा कपाळावर चढवून ऐकत होते. मी म्हटलं, मी नोटीस टाइप करूनच आणलीय, तुम्ही सही करा. त्यांनी वाचली. एक स्वल्पविराम दुरुस्त केला, ही त्यांची खोड. म्हणाले की केस चांगली आहे, ग्राहक मंचात जाऊ, जिंकशील. मग घड्याळाकडं बघून म्हणाले, फक्त निकाल लागेपर्यंत तुझी बहीण दुसऱ्या कुठल्या तरी रांगेत उभी असेल. मग त्यांनी मला एक विचारलं, जे मी अजून विसरलेले नाही.

"तुला पैसे पाहिजेत, की ते चुकले असं त्यांच्या तोंडून ऐकायचंय? दोन्ही शनिवारच्या आत मिळणार नाही."

मला दोन्ही हवं होतं, आणि ते तसं बोलून दाखवायची लाज वाटली. त्यांनी टेबलाचा खण उघडला, पाचशे रुपये माझ्यासमोर ठेवले. त्यांच्याकडं तेवढेच होते, हे मला माहीत होतं, कारण त्यांच्या खणात काय असतं ते त्यांच्यापेक्षा मलाच जास्त माहीत असायचं. पुढच्या पगारातून कापून घेतो म्हणाले, आणि कधी कापले नाहीत.

त्या दिवशी मी आणखी तीन ठिकाणी गेले. नावं कशाला घ्यायची? महिनाअखेर होती आणि सगळी माणसं आमच्यासारखीच होती. एकीनं चहा दिला, एकीनं स्वतःच्या अडचणी सांगितल्या, तिसरीनं दारच उघडलं नाही, आत रेडिओ चालू होता तरी. संध्याकाळी घरी आले आणि सांगून टाकलं.

आई चूल पुसत होती. ऐकून तिनं फडकं खाली ठेवलं. मला वाटलं ती बँकेला शिव्या घालेल, नशिबाला दोष देईल. ती म्हणाली, ते पैसे ठेवायला मीच सांगितलं होतं. परत परत तेच. मी म्हटलं, आई, दंड त्यांनी लावलाय, तू नाही. तिला ते पटेना. बँकेत चूक असू शकते हे तिच्या डोक्यातच शिरत नव्हतं, इतकी मोठी काचेची इमारत, तिथली माणसं शिकलेली, मग चूक आपलीच. मला इतका राग आला की मी तिच्यावरच ओरडले. ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस वीस किलोमीटर लांब होता.

बहीण कोपऱ्यात बसली होती, मार्क्सकार्डाचं प्लॅस्टिकचं पाकीट मांडीवर घेऊन. कालच तिनं ते ओल्या फडक्यानं पुसून वाळवलं होतं. म्हणाली, असू दे की अक्का, पुढच्या वर्षी बघू. तोवर कापडाच्या दुकानात बोलावतायत मला, काउंटरला, नऊशे देतो म्हणतात. हे तिनं अगदी सहज सांगितलं. म्हणजे तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. माझ्या ड्राफ्टच्या थापेवर तिनं एक दिवससुद्धा विश्वास ठेवला नव्हता. आणि पुढच्या वर्षी काही होत नसतं, हे आमच्या घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. मीही एका वर्षासाठीच टायपिंगला गेले होते.

मी उठले, बाहेर गेले, आत आले, परत बाहेर गेले. आई म्हणाली, बस गं जरा. मी बहिणीला म्हटलं, उद्या सकाळी आठच्या बसनं जायचं, सगळी कागदपत्रं घे.

शनिवारी बँक दहाला उघडली. बहीण पहिल्यांदाच आत येत होती, चपला बाहेर काढायच्या का म्हणून तिनं मला विचारलं. साहेब जागेवर होते. त्यांनी मला बघितलं, खण उघडला आणि तोच फॉर्म, नवा, टेबलावर ठेवला. पेन माझ्याकडं सरकवलं. चार तुकड्यांचा विषयसुद्धा काढला नाही. त्या सभ्यपणाचा मला जितका राग आला तितका दंडाचाही आला नव्हता.

बहीण माझ्या खांद्याशी उभी होती. तिनं कागदाकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "काय लिहिलंय अक्का?"

तिचं शिक्षण कन्नड माध्यमात झालेलं. घरात इंग्रजीचं पत्र आलं की ते माझ्याकडं द्यायचं, ही रीतच पडली होती. मी म्हटलं, पावती आहे, पैसे परत मिळाल्याची. तिनं मान हलवली. मी सही केली. माझी सही एरवी एका झटक्यात होते, दिवसाला वीस कागदांवर साक्षीदार म्हणून करायची सवय. त्या दिवशी अक्षरं एकेक करून काढावी लागली. साहेबांनी तारीख घालायला सांगितली, तीही घातली. मग, आपलं तोंड आपल्या ताब्यात नसतं तसं, माझ्या तोंडून थँक्यू निघून गेलं. तो हसला, वेलकम म्हणाला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

कलघटगीच्या मुलीनं सगळ्यांच्या आधी आमचा ड्राफ्ट काढून दिला. सहा हजार चारशे एक्क्याण्णव, वर परत आलेले दोन हजार सहाशे पंचवीस, वर वकीलसाहेबांच्या पाचशेतले तीनशे चौऱ्याऐंशी. ड्राफ्टची फी देऊन माझ्याकडं सहासष्ट रुपये उरले. खातं बंद करायचा अर्ज तिनं न मागता पुढं केला, तोही भरून टाकला. रिक्षा परवडण्यासारखी नव्हती, पण बारा वाजत आले होते, म्हणून केली. रिक्षात मी ड्रायव्हरला सारखी सांगत होते, लवकर, लवकर, आणि तो बिचारा रेल्वे फाटकाशी थांबला तर त्यालाही टाकून बोलले.

शाळेत पावणेएकला ड्राफ्ट दिला. खिडकीतल्या बाईंनी नाव लिहिलं, शिक्का मारला, पावती फाडून बहिणीच्या हातात दिली. आमच्या मागं एक बाप आणि मुलगी भिंतीला टेकून उभे होते, सकाळपासून असावेत. शिक्क्याचा आवाज झाला तशी त्या बापानं पिशवी उचलली आणि मुलीला म्हणाला, "नडी." चल. ती यादीतली पुढची मुलगी होती. तिच्या तोंडाकडं बघायची मला हिंमत झाली नाही.

आम्ही बाहेर आलो. समोर गाड्यावर मिरची भजी तळणं चाललं होतं. मी दोन प्लेट सांगितल्या, आता पैसे उरलेत तर खाऊन टाकू म्हणून. आठवडाभरानं मी एका जागी बसले होते, बाकावर, पाय लांब करून. मी बहिणीला म्हटलं, बघ, झालं की नाही, आणि बँकेला कशी वाकवली, अर्धे तरी काढलेच की नाही परत. मला ती गोष्ट त्याच वेळी जरा बदलून टाकायची होती, घरी पोचायच्या आत. आईला कशी सांगायची तेही मी ठरवत होते.

बहीण पावतीवरचं स्वतःचं नाव वाचत होती. ती वर न बघता म्हणाली,

"अक्का, मला तेवढं इंग्रजी वाचता येतं."